नवलच्या आईची हाक

भावेशने चोरी केली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच आढेवेढे कशाला? पण चोरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुणी भिंत फोडणारा येत असेल, तर तसलं काही नाही. तापीकाठच्या केळीवाल्या घरातला हा चोवीस वर्षांचा गडी. त्याने चोरलं ते एक मॉड. फोनवर शेतीचा एक गेम आहे: नांगरा, पेरा, माल बाजारात न्या. गेम परदेशी कंपनीचा, पण हौशी लोक त्यात आपल्या पदरचं काहीबाही घालतात आणि फुकट वाटतात. त्यालाच मॉड म्हणायचं. नवल नावाच्या कुणीतरी असंच आपलं गाव त्यात घातलं होतं. लाल ट्रॅक्टर, विहीर, कडुनिंब, अंगणासकट घर. बंद पडायला आलेल्या एका साइटवर ते नुसतं पडून होतं. भावेशने ते उचललं, ट्रॅक्टर निळा केला, नवलचं नाव खोडून तिथं स्वतःचं टाकलं आणि दुसऱ्या साइटवर चढवलं. झालं काम! दोन वर्षांत चार लाख लोकांनी ते फोनात घेतलं.

त्या मॉडमध्ये एक गंमत होती. गेममधला दिवस मावळला की घराचं दार उघडायचं आणि आतून एक बाई हाक मारायची, "नवल्या, ये रे भाऊ, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!" आवाज जरा बसका, आणि हाक संपताना खोकल्याची बारीक उबळ. लोक त्या हाकेवर जाम खूश होते. नवल कोण, असं कुणी विचारलंच, तर "माझं घरातलं नाव" म्हणून भावेश ठोकून द्यायचा. घरी गुजरांची गुजरी बोली बोलणारा हा, याला अहिराणीत जेवायला बोलावणारी आई कुठून आली, हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं.

मग कंपनीची मेल आली. तुमचं गाव आम्हाला आवडलं, आम्ही ते आमच्या गेममध्येच घेतो, तुमचं नाव देतो, जमलं तर पुढे कामही देतो. भावेशचे वडील प्रेमचंदभाई आजवर "मोबाइलात तोंड खुपसून बसतो" म्हणून त्याचा उद्धार करायचे. तेच आता केळीच्या गाडीवर माल भरणाऱ्या हमालांनासुद्धा थांबवून मेल दाखवू लागले. मेलसोबत एक फॉर्म होता. सगळं काम तुमचं स्वतःचं आहे ना? नसेल तर मूळ करणाऱ्याची लेखी संमती जोडा. आवाज कुणाचा, तेही लिहा.

भावेशची तंतरली. वडिलांचं ते उजळलेलं तोंड पाहून खरं सांगायची त्याला हिंमत होईना. मग त्याने शहाणपणा केला. हाक काढून टाकली आणि नवी आवृत्ती चढवली. ती आपोआप सगळ्यांच्या फोनांत जुनीच्या जागी जाऊन बसली. मागे पुरावा नको म्हणून कॉम्प्युटरवरच्या, पेनड्राइव्हवरच्या जुन्या फायलीही पुसल्या. आता मला कोण धरतंय, असं म्हणून गडी निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी सांजेला तो ठिबकचा कॉक फिरवून बांधावर टेकला, तर केळीच्या दाटीतून हाक आली. नवल्या, ये रे भाऊ. तो ताडकन उठला. फोन काढून पाहिला, बंद होता. केळीची पानं तेवढी एकमेकांवर घासत होती. असेल भास, म्हणून त्याने सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तीच हाक आणि शेवटी ती खोकल्याची उबळ. शेजारी वडील पाइप जोडत होते, त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी तर कहर झाला. हाक आली आणि भावेशने चक्क "ओ" दिली.

"कुणाला रे ओ देतोस?" वडिलांनी विचारलं.

दुसऱ्याच्या आईला आपण ओ दिली, हे त्याच्या काळजाला लागलं. चोरी केली तेव्हा जे वाटायला हवं होतं, ते आत्ता, दोन वर्षांनी वाटलं. मॉडच्या जुन्या माहितीत "नवल, खांडबारा" एवढं लिहिलेलं त्याला आठवत होतं. फॉर्म घेऊन दुसऱ्या दिवशी त्याने गाडी धरली.

खांडबाऱ्याला स्टेशनजवळच नवलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं. पस्तिशीचा, हडकुळा माणूस. भावेशने गाडीत रचलेली गोष्ट घशातच राहिली. "नवलभाऊ," तो म्हणाला, "तुमचं गेममधलं गाव मी चोरलं."

"मले म्हाईत शे," नवल मान वर न करता म्हणाला. "दोन वरीस व्हई गयात."

मग त्याने शांतपणे सांगितलं. हाक त्याच्या आईची, दगूबाईंची. मॉड केलं आणि वर्षात ती गेली. पुढे त्याच्या कॉम्प्युटरची डिस्क जळाली, ती साइटही बंद पडली. उरलं फक्त भावेशने चोरलेलं. तक्रार केली तर मॉडच काढून टाकतील, या भीतीने तो गप्प राहिला. रोज सांजेला फोनवर तेच उघडायचा, आईची हाक ऐकायचा आणि घरी जेवायला जायचा. रोजच ऐकू येते म्हटल्यावर वेगळी साठवून ठेवायचं राहूनच गेलं.

भावेशने पुढे केलेला फॉर्म घेऊन त्याने सही ठोकली. "नाव तुन्हंच ऱ्हाऊ दे. फक्त तिना आवाज परत टाकी दे."

"नाही उरला, नवलभाऊ. मी सगळीकडून पुसला."

नवलने आता कुठे मान वर केली. "चोरं, त्याना राग नही मले. पन पुसं कसाले?"

मग नवलच पुढे पुटपुटला, "शब्द ध्यानमा शेतस. आवाज येत नही ध्यानमा."

"मले येस," भावेश म्हणाला. "रोज सांजले येस."

नवल म्हणाला, "म्हन."

भावेशने नाही नाही म्हटलं, पण नवल हटेना. शेवटी त्याने घसा खाकरला आणि हाक मारली, "नवल्या, ये रे भाऊ, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!" आवाज बसका निघाला आणि शेवटी त्याला खरोखरच खोकला आला. बाजूच्या टपरीवरची दोन माणसं, कोण बाई आली म्हणून वळून पाहू लागली.

"ऊनू वं माय," आईला "आलो गं" म्हणावं तसं नवल म्हणाला.

त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवला, दिवसाढवळ्या दुपारी चार वाजता शटर ओढलं, कुलूप घातलं आणि तो जेवायला घराकडे निघाला. भावेश सही केलेला कागद धरून रस्त्यावर उभा होता. हाक मारून त्याला थांबवावं, भाऊ, माफ करा म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलं, तर पुन्हा त्याच बसक्या आवाजात "नवल्या" एवढंच बाहेर पडलं.