आमचं माणूस

कारखान्यात मी शर्टाच्या कॉलरी शिवते आणि शेजारच्या मशीनवर बसून तो काजं-बटणं करतो. सात वर्षं झाली. घरचा विषय निघाला की म्हणायचा, "आमच्या माणसाची पाठ धरलीय, मावशी." मी आपली समजले, बायको. मग माझे सल्ले सुरू: शेक दे, ओझं उचलू देऊ नकोस, भांडी तू घास. तो घासायचा आणि सांगायचा, "आता बरं आहे." माझ्या कमरेसाठी तिकडून एक उशी आली, घरी शिवलेली. टाके वाकडे. मी टाक्यांना नावं ठेवली आणि उशी खुर्चीवर ठेवली.

परवा शनिवारी तो चष्मा घरी विसरला. चष्मा घेऊन कारखान्याच्या दारात एक बसचालक उभा राहिला. गणवेश, झुपकेदार मिशा, एक हात पाठीवर.

"तुम्हीच मावशी ना?" तो म्हणाला. "उशी टोचत नाही ना?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे सात वर्षं मला वेड्यात काढलं? तडक मालकांकडे गेले. म्हटलं, मला याच्या शेजारी बसायचं नाही.

"माझ्याही कानावर आलंय," मालक म्हणाले. "तुम्ही इथं सगळ्यांत जुन्या. सोमवारी फक्त हो म्हणा, काढून टाकतो त्याला."

रविवारभर घरात मी भांडी आपटली. राग नेमका कुणाचा, तेच कळेना. तो खोटं एकदाही बोलला नव्हता. बायको मीच त्याच्या गळ्यात बांधली होती. आणि त्याच्या माणसाला तर मी चांगलीच ओळखत होते. सुईला घाबरतं, दूध उतू घालवतं, दुखलं-खुपलं तरी सांगत नाही. ठाऊक नव्हत्या त्या फक्त मिशा.

सोमवारी तो मान खाली घालून बसला होता. समोरचं काज वाकडं गेलेलं. त्याचं काज कधी वाकडं जात नाही. मला माझीच लाज वाटली.

मालक आले. "मग मावशी, काय ठरलं?"

"मी इथंच बसणार," मी म्हटलं. "त्याला काढायचं तर माझाही हिशेब करा."

मग उशी सारखी केली, बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, तुझ्या माणसाची पाठ कशी आहे?"

त्यानं मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सात वर्षं तो "बरं आहे" म्हणत आला होता.

"बरा आहे, मावशी," तो म्हणाला. "बरा आहे तो."