माद्रिना येईपर्यंत

मी एक जुना खोका आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याचा, बुटांच्या खोक्यापेक्षा जरासा मोठा. माझे दोन कोपरे दबले आहेत आणि झाकणावरचा निळा रंग बोटांनी घासून पांढरा पडला आहे. त्या निळ्यावर एक काचेचा चंबू आणि काही ग्रह छापले होते. एका ग्रहाला दोन उभी कडी होती. असा ग्रह कुठे असतो ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म मोंतेरे शहराबाहेरच्या एका कागद-गिरणीत झाला. जन्म म्हणणं तितकंसं बरोबर नाही. माझ्यातले तंतू त्याआधीही जगले होते, कधी फळांची पेटी म्हणून, कधी वर्तमानपत्र म्हणून. कागद भिजवून, लगदा करून पुन्हा नवा केला की दर खेपेला तंतू थोडे आखूड होतात. म्हणून माझ्यासारखा खोका दिसायला दणकट असला, तरी ओला झाला की मान टाकतो.

मुलांच्या घरी दर महिन्याला विज्ञानाचा एक खोका पाठवणारी एक कंपनी होती. तिथे मला घडी घालून उभं केलं. माझ्या कडेला सुईच्या जाडीची भोकं होती, शेजारच्या खोक्यांना नव्हती. मला वाटलं, मी सदोष निघालो, आता मला बाजूला काढतील. मग माझ्यात एक पसरट, पारदर्शक गोल डबी ठेवली. तिच्या झाकणाला बारीक जाळी होती आणि आत एका कागदाला राखाडी रंगाची, मोहरीहून लहान अंडी चिकटलेली होती. रेशमाच्या अळीची अंडी. सोबत एक मऊ कुंचला, एक भिंग. वर चिकटपट्टी लावली आणि झाकणावर लाल अक्षरांचा कागद डकवला: ‘आत जीव आहे. मिळताच उघडा.’

ते वाचून मी फार फुशारलो, मित्रांनो. आता त्या फुशारकीची मला लाज वाटते.

मी पोचलो तोरेऑनला, ओब्दुलियाच्या घरी. ओब्दुलिया सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोर्दिता विकायची, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या चिरून त्यात भाजी-मांस भरून. तिचा नवरा एवेलिओ शहरात बस चालवायचा. त्यांची एकुलती एक मुलगी यारेत्सी, बारा वर्षांची. कपाटावर माझ्या आधी आलेले दोन रिकामे खोके पडले होते. या घरात माझ्यासारख्यांचं काय होतं, ते मला त्या दोघांकडून कळलं.

खोका हवा म्हणून हट्ट यारेत्सीने धरला होता. त्याचे महिन्याला सहाशे पेसो ऐकून एवेलिओ म्हणाला होता, “सहाशे? मग तो आपल्या पायांनी चालत येत असेल. येताना दूधही आणेल का बघ.”

पण इथे कुठलंही मोठं काम एकट्याच्या खिशातून होत नाही. मुलगी पंधरा वर्षांची झाली की जो सोहळा होतो, त्यात केकची एक धर्ममाता असते, बुटांची दुसरी, बँडचा धर्मपिता तिसराच. ज्याने ज्या वस्तूचा खर्च उचलला तो त्या वस्तूचा मानकरी. त्या रविवारी अंगणात मांस भाजत असताना ओर्तेन्सिया खुर्चीवरून उठली. यारेत्सीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारी हीच माद्रिना, म्हणजे धर्ममाता. बाजारात तिचं सोहळ्याच्या पोशाखांचं दुकान होतं. हातातली बाटली उंच करून ती म्हणाली, “केकच्या माद्रिना झाल्या, बुटांच्या झाल्या. मी होते हिच्या विज्ञानाची माद्रिना! सहा महिने माझ्याकडून. मग बघू पैसे वसूल होतात का.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यारेत्सी धावत जाऊन तिला बिलगली.

मानकरी आल्याशिवाय केक कापत नाहीत. तसा माद्रिना आल्याशिवाय खोका उघडायचा नाही. हा नियम कोणी केला नव्हता. करावाच लागला नाही.

पहिला खोका तुरटीच्या स्फटिकांचा होता. ओर्तेन्सियाने ओठ रंगवून, कात्रीने चिकटपट्टी कापताना फोटो काढून घेतला. स्फटिक वाढले तेव्हा ओब्दुलियाने ते काचेच्या कपाटात ठेवून दिले, बाप्तिस्म्याच्या चांदीच्या बुटांशेजारी. यारेत्सीला त्यातला एक फोडून आत काय आहे ते पाहायचं होतं. “फोडायला आणलाय का? शोभेचा आहे तो,” आई म्हणाली. दुसऱ्या खोक्यात लहानशी मोटर होती. यारेत्सीच्या लक्षात आलं की तारा अदलाबदल केल्या की चाक उलटं फिरतं. तिने विचारलं, असं का? माद्रिना म्हणाली, “फिरतंय ना? झालं तर मग.” मोटरही काचेच्या कपाटात गेली.

असं ते दोघे मला सांगत होते. मी मनात म्हणालो, माझं तसं होणार नाही. माझ्यात जीव आहे.

यारेत्सीने माझ्यावरची लाल अक्षरं मोठ्याने वाचली. “आई, मिळताच उघडा म्हणतायत. आज.”

“रविवारी ओर्तेन्सिया येतेय.”

“पण आत जिवंत आहे!”

“जिवंत आहे तर राहील की रविवारपर्यंत. तू नाही का राहत रविवारपर्यंत?” ओब्दुलियाने मला उचलून फ्रिजवर ठेवलं. तिच्या दृष्टीने ती घरातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. फ्रिजच्या मागून निघणारी ऊब वर येते आणि छताशी साठते, हे तिच्या ध्यानात नव्हतं. बाहेर मे महिना. रस्त्यावरच्या कुत्र्यांनीही भुंकायचं सोडलं होतं.

रविवारी ओर्तेन्सियाचा आवाजी निरोप आला. मुलीची आई आणि धर्ममाता एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. “कोमाद्रे, माफ करा हं. चर्चमधल्या प्रथम कम्युनियनच्या विधीचे इतके झगे आलेत की श्वास घ्यायला फुरसत नाही. पुढच्या रविवारी नक्की. माझ्याशिवाय उघडू नका, मी खास नवा ब्लाउज शिवलाय!”

“अहो, तुमच्याशिवाय कसं उघडू?” ओब्दुलियाने उलट निरोप धाडला.

अंडी आधी राखाडी होती. उबेने ती निळसर झाली, मग एका टोकाला काळा ठिपका दिसू लागला. तो अळीच्या डोक्याचा ठिपका. त्याचा अर्थ आता फार वेळ उरलेला नाही. हे मला ठाऊक होतं आणि ओरडण्यासाठी मला तोंड नव्हतं. एका सकाळी ठिपक्याच्या जागी भोक पडलं आणि पहिली अळी बाहेर आली. केसाच्या तुकड्याएवढी, काळी. तिच्यामागून दुसरी. मग डबीभर हालचाल.

रेशमाच्या अळीला तुतीचं पान लागतं. दुसरं काही चालत नाही. तोरेऑनच्या गल्ल्यांत तुतीला तोटा नाही. सावलीसाठी लावलेलं एक जुनं झाड ओब्दुलियाच्या दारातच होतं. त्याची फळं पडून फरशी जांभळी होते म्हणून ती रोज त्याला शिव्या घालत झाडायची.

यारेत्सी खुर्चीवर चढून माझ्या भोकाला डोळा लावायची. तिला त्या दिसल्या. “आई, बाहेर आल्यात! भुकेल्या असतील!” आईचे हात पिठात होते. खिडकीत गिऱ्हाईक होतं. यारेत्सीने नखाने माझी चिकटपट्टी उचकटायला सुरुवात केली तशी ओब्दुलिया धावत आली.

“खबरदार! पुन्हा चिकटवलेलं ओर्तेन्सियाला कळत नाही होय? दिवसभर टाके तपासते ती!”

“कळू दे.”

“कळू दे? तुझ्या पंधराव्याचा झगा कोण शिवणार आहे? केकला कोण उभं राहणार? एका किड्यापायी मी माझी कोमाद्रे तोडू?”

“एक नाही, खूप आहेत.”

“मग खूप किड्यांपायी!” ती म्हणाली. एवेलिओ खुर्चीतून हसला. मुलगी हसली नाही.

मग तिने वेगळी युक्ती केली. तुतीची कोवळी पानं आणली, त्यांच्या सुतासारख्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या भोकांतून एकेक आत सारली. हुशार पोर. तिला एवढंच ठाऊक नव्हतं, की आत डबी आहे आणि डबीला जाळीचं झाकण आहे. पट्ट्या झाकणाशेजारी पडल्या. त्यांचा वास मात्र जाळीतून आत गेला. सगळ्या अळ्या त्या बाजूला गोळा झाल्या, एकीवर एक, तोंडं वर करून. पान एका जाळीच्या अंतरावर होतं. माझ्या पोटात वाळून चुरा होईपर्यंत ते तिथेच पडलं होतं.

मित्रांनो, मीही कधीतरी झाडच होतो. पण इतक्या वेळा लगदा झाल्यावर झाडातलं पान उरत नाही.

डबीतली हालचाल आधी मंदावली आणि मग थांबली. यारेत्सी रोज नव्या पट्ट्या सारत होती. त्या रविवारीही ओर्तेन्सिया आली नाही. त्यानंतरच्या रविवारी ती नवा ब्लाउज घालून, सोबत लिंबू सरबताची सुरई घेऊन आली. मला टेबलावर ठेवलं. कात्री चालली, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. झाकण उघडलं आणि आंबट, कुबट वास आला.

ओर्तेन्सियाने डबी उचलून दिव्याकडे धरली. “काय हे? चहाची पत्ती?”

एवेलिओने आधी हॅट काढली आणि मग पुन्हा घातली.

“मेलेलं पाठवलंय,” ओब्दुलिया घाईने म्हणाली. “या कंपन्या अशाच. फसवतात हो माणसाला.”

“सहाशे पेसोला मेलेले किडे!” ओर्तेन्सिया खुर्चीत बसली. “आमच्या दुकानात फुकट मिळतात. बरं झालं आजच बघितलं. मी म्हटलंच होतं, पैसे वसूल होतात का बघू.”

यारेत्सी भिंग घेऊन डबीवर वाकली होती. ती शांतपणे म्हणाली, “मेलेलं नव्हतं पाठवलं.”

“गप्प बस,” आई म्हणाली.

“अंड्यांची टरफलं रिकामी आहेत. पांढरी, आणि प्रत्येकाला भोक आहे. मेलेलं पाठवलं असतं तर अंडी भरलेली राहिली असती. ही फुटलीत. इथे फुटली, आपल्याकडे. आणि सगळ्या एकाच बाजूला मेल्यात, पान होतं त्या बाजूला. त्या उपाशी मेल्या, माद्रिना. तुमची वाट बघत.”

मी कंपनीतून निघालो तेव्हा माझ्या झाकणावर ‘विज्ञान’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. त्या घरात खरोखरीचं विज्ञान घडलं ते या एका क्षणात. मुलीने पाहिलं, तुलना केली, निष्कर्ष काढला आणि तो निष्कर्ष बरोबर होता. सहा महिन्यांचे सगळे पैसे या चार वाक्यांत वसूल झाले होते.

ओर्तेन्सियाचा चेहरा ब्लाउजइतका लाल झाला. “म्हणजे मी मारले? मी, जिने पैसे भरले?”

“तसं नाही म्हणत ती, कोमाद्रे...”

“तसंच म्हणतेय. वा! बाप्तिस्म्याला या हातात धरली हिला. रडून माझा झगा ओला केला होता, तेव्हाही मी काही बोलले नाही.”

ओब्दुलियाने यारेत्सीचा दंड धरला. “माफी माग.”

“पण मी खोटं काय बोलले?”

“माफी माग म्हणते ना!”

यारेत्सीने बापाकडे पाहिलं. एवेलिओ सुरईतलं सरबत पेल्यात ओतत होता. पेला भरला तरी ओतत राहिला. मग मुलीने भिंग टेबलावर ठेवलं, माद्रिनाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, “माझं चुकलं. त्या आधीच मेल्या होत्या.”

“आता कशी माझी गुणी पोर!” ओर्तेन्सियाने तिला छातीशी घेतलं. तिचेही डोळे पाणावले होते. ती वाईट बाई नव्हती, मित्रांनो. वाईट असती तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

हिशेब तिथेच संपला. खोका बंद. उरलेले पैसे पोशाखासाठी बाजूला ठेवायचे. सगळ्यांना पटलं. काचेच्या कपाटात ठेवण्याजोगं या वेळी काही निघालंच नव्हतं. डबी कचऱ्यात गेली. जाताना ओर्तेन्सियाची नजर माझ्याकडे गेली. “पुठ्ठा बरा आहे. पैसे माझे, खोका तरी नेते.”

तेव्हापासून मी तिच्या दुकानात आहे. माझ्यात लेसचे तुकडे आणि उरलेले मणी असतात. काम हलकं आहे, तक्रार नाही.

परवा यारेत्सी पंधराव्याच्या झग्याच्या मापाला आली होती. उंच झाली आहे. ओर्तेन्सियाने तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, मग माझ्यातून दोन तऱ्हांची लेस काढून तिच्यासमोर धरली. एक विणलेली होती, दुसरी यंत्रावर चिकटवलेली. भिंगाशिवायही फरक दिसत होता. यारेत्सीची बोटं क्षणभर दुसरीच्या कडेवर थांबली. मला वाटलं, आता विचारेल.

“कुठली घेऊ या, बाळा?”

“तुम्ही म्हणाल ती, माद्रिना.”

“बघितलंत, कोमाद्रे? किती शहाणी झालीय!” आणि ओब्दुलिया आरशात लेकीकडे बघून हसली, अगदी मनापासून.

मित्रांनो, असा खोका घ्यावा की न घ्यावा, असं तुमच्या घरात कोणी विचारत असेल, तर किंमत मला विचारू नका. मी पुठ्ठा आहे. आधी एवढंच ठरवा, की तो आल्यावर उघडणार कोण आणि त्यातून जे निघेल ते बोलायची मुभा कोणाला असेल. तेवढं ठरलं नसेल, तर ते पैसे खुशाल झग्यात घाला. आणि ठरलं असेल, तर तो दारात आल्या-आल्या फोडा. पैसे देणारा मागाहून येईल आणि रागावेल. रागावू द्या. माणसाचा राग जेवणाच्या वेळेपर्यंत उतरतो. उपाशी जीव तोवर थांबत नाही.