वाऱ्याने नेलेला एप्रन

पाळणाघराच्या खिडकीच्या कठड्यावरून नोल्वियाने बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. धूळ नव्हती. तिला वाईट वाटलं.

मग तिने वाकून पाळण्यांखाली नजर टाकली. तिथेही नुकती पुसलेली फरशी आणि कोपऱ्यात एक लाकडी बदक, एवढंच होतं. कडेवरची रायेन मात्र मजेत होती. सव्वा वर्षाची पोर. नोल्वियाच्या एप्रनच्या खिशाचा कोपरा मुठीत धरून, हिरव्या चौकड्यांचे डगले घातलेल्या बायांकडे टकामका बघत होती. नोल्विया बाहेर पडताना वरून कोट चढवायची, पण आतला निळा एप्रन काही काढायची नाही. तो खिसा हाताला लागला नाही तर रायेनला झोप लागत नसे, आणि या गोष्टीचा नोल्वियाला भारी अभिमान होता.

"मी माका," डगलेवाल्यांपैकी सर्वांत तरुण होती ती म्हणाली. "माकारेना, पण एवढं लांब नाव पुरं होईपर्यंत या पोरांची शी होऊन जाते. तुम्ही आई का?"

"मावशी," नोल्विया म्हणाली. "आई मासळीच्या कारखान्यात असते. पोर माझ्याकडेच असते."

"अरे वा! मग इथं तुमच्यासारख्याच सगळ्या."

तेवढ्यात आतून कुणीतरी पोर ओरडलं, "मावशी!" चार बाया वळल्या. त्यांतली एक नोल्विया होती.

तिचे गाल तापले. तिला मावशी म्हणणारं या जगात एकच माणूस होतं, आणि ते अजून बोलायला लागायचं होतं. इथे मात्र जी ती मावशी! पगार घेऊन मावशी!

"जिना फार आहे इथं," ती म्हणाली.

"आहे खरा. पण वर वारा छान येतो."

"वाराही फार आहे."

माका हसली आणि खाली फतकल मारून बसली. तिने रायेनला हाक मारली नाही, हात पसरले नाहीत, काही नाही. एक पातेलं पालथं घातलं आणि लाकडी चमच्याने हळूहळू वाजवत राहिली. रायेनने मान वाकडी केली. मग कडेवर वळवळायला लागली. नोल्वियाने पकड आवळली, तशी पोर आणखीच वळवळली, आणि शेवटी तिला खाली सोडावंच लागलं. रायेन रांगत गेली, पातेल्याला धरून उभी राहिली आणि माकाच्या हातातला चमचा तिने हिसकावून घेतला. मागे वळून एकदा तरी बघेल म्हणून नोल्विया वाट पाहत राहिली. पोरीने पाहिलं नाही.

"लगेच रुळली की!" माका म्हणाली. "अशी मुलं थोडी. घरी कुणीतरी चांगला जीव लावलाय हिला."

ते नोल्वियाला ऐकू आलं, पण आत पोचलं नाही. ती माकाचे हात बघत होती. तरणे, गोरे, न दुखणारे हात.

"जागा एकच उरलीय. शुक्रवारपर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवते," माका म्हणाली. "येताना तिचा तूतो आणा. झोपताना गालाशी घेते ते फडकं असेल ना, तेच. नसेल, तर आईनं एखादा कपडा दोनतीन दिवस अंगाशी ठेवायचा, आणि न धुता पाठवायचा. आईचा वास आला की पोर बिनघोर झोपतं."

निघताना माकाने ओल्या हाताने रायेनचे केस बसवले आणि वर कोलोनचं सुगंधी पाणी चोपडलं. सान आंतोनियो गावातलं कुठलंही पाळणाघर पोराला असं नटवूनच घरी धाडतं. टेकडी उतरताना सगळा वेळ त्या परक्या कोलोनचा वास नोल्वियाच्या नाकात जात राहिला. घरी पोचल्यावर कोट न काढता तिने आधी पाणी तापवलं आणि पोरीचं डोकं धुऊन टाकलं.

यास्ना कामावरून आली ती नेहमीसारखी सरळ मोरीवर गेली. लिंबू कापलं, दोन्ही हातांना चोळलं, नखांत घासलं. तारली, बांगडा, काय येईल ते दिवसभर साफ करायचं, आणि संध्याकाळी लिंबाने तो वास घालवायचा. मग ती रायेनकडे आली. रायेनने नोल्वियाच्या गळ्यात तोंड खुपसलं.

"ये ना गं, चिमणे," यास्ना म्हणाली. "आई आहे मी."

"दमलीय ती," नोल्विया म्हणाली. तिने पोरीच्या पाठीवर थापटलं आणि मनातल्या मनात सुखावली.

यास्ना चहाला बसली. पावावर अ‍ॅव्होकाडो कुस्करत तिने विचारलं, "कसं होतं पाळणाघर?"

"सूपमध्ये भोपळा फार घालतात."

"आणि ही?"

"रडली," नोल्विया म्हणाली. "काही विचारू नकोस, इतकी रडली."

हे धडधडीत खोटं होतं. ते इतक्या सहज तोंडातून निघालं की तिलाच नवल वाटलं.

या घरात या दोघी बहिणी आणि ही पोर. नोल्वियाचा नवरा उत्तरेच्या खाणीवर गेला तो तिकडचाच झाला, आणि रायेनच्या बापाचं नाव कुणी काढत नसे. थंडीत नोल्वियाचा खांदा आखडला आणि हातातून किटली सुटली. पोर लांब होती, काही झालं नाही. पण तेव्हापासून यास्नाने पाळणाघराचं टुमणं लावलं होतं. "तुझा खांदा, नोली. किती दिवस रेटशील?" सांगायला खांद्याचं निमित्त बरं होतं. यास्नाच्या डोळ्यांत काय खुपतंय ते नोल्वियाला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी ते दिसलंच. दुपारी यास्ना पोरीला घेऊन पलंगावर आडवी झाली. पोर पाळणाघरात घालायची तर इथल्या आया करतात तसा, दोन दिवस अंगात घातलेला गुलाबी टी-शर्ट तिने काढून रायेनच्या गालाशी ठेवला होता आणि काहीबाही गुणगुणत होती. नोल्विया स्वयंपाकघरात बीन्स निवडत होती. दार उघडंच होतं. रायेनने टी-शर्ट ढकलला. यास्नाने पुन्हा ठेवला. पोरीने तो पलंगाखाली फेकला, सरपटत उतरली, रांगत स्वयंपाकघरात आली आणि नोल्वियाच्या एप्रनला लोंबकळली.

"बघ बाई, ऐकतच नाही," नोल्विया म्हणाली. तोंडदेखलं म्हणाली. तिचा आनंद गगनात मावत नव्हता.

यास्नाने टी-शर्ट उचलला, झटकला, घडी घातली.

दुसरं पाळणाघर टेकडीच्या पायथ्याशी, मासळीच्या धक्क्यामागे होतं. सेन्योरा एल्बा नावाच्या बाईचं. बाई वाईट नव्हती, थकलेली होती. अंधाऱ्या खोलीत टीव्ही चालू होता आणि चार मुलं त्याच्याकडे बघत बसली होती. बाईने हात पुढे करताच रायेनने असा टाहो फोडला की बाहेर धक्क्यावर लोळणारे समुद्रसिंहसुद्धा गप्प झाले. नोल्वियाच्या गळ्याला तिची नखं रुतली. तो ओरखडा नोल्वियाने घरी येऊन आरशात पाहिला, आणि पुन्हा पाहिला.

"खालचंच बरं आहे," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "जवळ पडतं. बाई वयानं मोठी आहे, जाणती आहे. वरची ती माका म्हणजे पोरसवदाच."

"वरचं सगळे चांगलं म्हणतात पण."

"सगळ्यांना काय जातंय म्हणायला!"

तिचा हिशेब सरळ होता. पोर रडेल, जेवणार नाही, झोपणार नाही. आठवडाभरात यास्नाच हात टेकेल आणि म्हणेल, नोली, राहू दे घरीच. पोरीला थोडं रडावं लागणार, ते तिला दिसत होतं. पण त्यावर ती फार वेळ थांबली नाही.

यास्ना बशीत काटा फिरवत बसली. "तू म्हणशील तसं," ती अखेर म्हणाली. "पोरांमधलं तुला कळतं. मला आपले मासे कळतात."

दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना नोल्वियाला निळा एप्रन दिसला नाही.

"चिमटे लावले होते मी," ती म्हणाली. "दोन लावले होते."

"वाऱ्यानं नेला असेल," यास्ना बूट घालत होती. तिने मान वर केली नाही.

"चिमट्यांसकट?"

"आवडला असेल वाऱ्याला. बाई, पंधरा वर्षं तोच घालतेयस, नवा घे की एखादा!"

नोल्वियाने शेजारच्या छपरांवर पाहिलं, खाली नाल्यात पाहिलं. दोन दिवस पोर बिना-खिशाची झोपताना कुरकुरत होती, आणि नोल्विया वाऱ्याला शिव्या घालत होती.

शुक्रवारी सकाळी यास्नाने पोरीची पिशवी भरून ठेवली होती. लंगोट, बाटली, कपड्यांचा जोड, आणि गच्च गाठ मारलेली एक प्लॅस्टिकची थैली.

"तूतो आहे त्यात," ती म्हणाली. "उघडू नकोस हं, वास उडेल." रायेनच्या डोक्यावर ओठ टेकवून ती निघाली, आणि दारातून परत येऊन पुन्हा टेकवले.

नोल्विया टेकडी उतरली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: ती थैली. गुलाबी टी-शर्ट असणार, यास्नाच्या वासाचा. तो पोरीला नको असला तरी हळूहळू सवय होईल, आणि मग पोर आईच्या वासात झोपेल, आणि घरी आल्यावर गळ्यात तोंड खुपसायला आईकडे जाईल. थैली न देता परत आणायची, बस्स. बाईला म्हणायचं, आईनं काही दिलंच नाही.

धक्क्याजवळ ती भिंतीच्या आडोशाला थांबली. रायेनला गुडघ्यावर टेकवलं, दातांनी गाठ सोडली.

आत निळं कापड होतं. एप्रनचा पुढचा भाग, खिशासकट कापलेला. चारी कडा दुमडून पांढऱ्या दोऱ्याने टाचल्या होत्या, ओबडधोबड, मोठे मोठे टाके. यास्नाला शाळेत असल्यापासून सुई धरता येत नसे. तिची बटणंसुद्धा नोल्वियाच लावून द्यायची. एका टाक्यात माशाचं खवलं अडकलेलं होतं.

नोल्वियाने कापड नाकाशी नेलं. साबण, आणि धुऊनही न गेलेला पंधरा वर्षांचा कांदा, धूर, तिचं स्वतःचं अंग. त्याच्या खाली, अगदी पुसट, लिंबू.

रायेनने हात लांब केला आणि खिशाचा कोपरा मुठीत घेतला. लगेच तिने डोकं नोल्वियाच्या छातीवर टाकलं.

नोल्वियाला इतकी लाज वाटली की कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने इकडेतिकडे बघितलं. समुद्रसिंह तेवढे होते. कामावरून येऊन, हात चोळचोळून धुऊन, कधी बसली असेल ही टाके घालायला? बोट टोचलं असेल तेव्हा काय वाटलं असेल तिला? पोरीला माझा वास नको, नोलीचा हवा, हे त्या पोरीच्या आईने स्वतःच्या हाताने शिवून दिलं होतं. आणि चेष्टा करत बसली होती, वाऱ्याला आवडला म्हणे.

सेन्योरा एल्बाचं दार उघडं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

"या, या!" बाई उंबऱ्यातून म्हणाली. "चला, बाळ, आज रडायचं नाही हं."

"माफ करा," नोल्विया म्हणाली. "आमचं दुसरीकडे ठरलंय."

"अहो, पण परवाच तर तुम्ही..."

"चूक झाली. माझीच."

जिना फार होता, वाराही फार होता. अर्ध्यावर खांदा ठणकायला लागला तशी तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. हिरव्या दाराशी माका कुणा पोराचे बूट बांधत होती.

"आलात!" ती म्हणाली. "मला वाटलं, खालचं घेतलंत. तूतो आणलाय?"

नोल्वियाने कापड पुढे केलं. ते सोडायला रायेन तयार नव्हती, म्हणून पोर आणि कापड एकदमच माकाकडे गेली. पोरीने एकदा मागे वळून पाहिलं, खिसा गालाशी दाबला आणि पातेल्याकडे बोट केलं.

माकाने कापड हुंगलं, जसे तिथल्या बाया सगळ्यांचेच तूतो हुंगतात. "छान मुरलाय वास. आईनं अंगाशी ठेवला होता ना?"

नोल्वियाने पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"आईनंच दिलाय," ती म्हणाली.

मग तिने कोटाची बटणं लावायला घेतली. आत एप्रन नव्हता, त्यामुळे वारा लागत होता.