वायरमन आणि आईचा गुलाब

नवरा निवृत्त झाला की घराला दोन हात जास्तीचे मिळतात, असं मावशीला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते आठवत असतं, तर तिने आज त्या माणसाचं घर गाठून त्याला चार शब्द सुनावले असते.

तिचा नवरा जन्मभर वायरमन. सगळी गल्ली त्याला वायरमनच म्हणे, आणि रागाच्या भरात मावशीही म्हणे. हलणारी वस्तू दिसली की तारेने आवळायची आणि आवळलेली वस्तू पुन्हापुन्हा तपासायची, हा त्याचा धर्म. पातेल्याचा कान, खुर्चीचा पाय, फाटकाची कडी, सगळं तारेत. तिथवर मावशीने सोसलं. पण त्याने मागच्या अंगणातला गुलाब आवळला.

तो गुलाब तिच्या आईच्या दारातला. आई गेल्यावर घर विकलं, नव्या मालकाने बाग उखडून फरशी घातली. मावशीने त्याआधी आणलेली एक काडी तेवढी जगली आणि एका जाड फांदीने भिंतीवर चढली. माहेर म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"चिंधीने बांधा, आणि सैल," तिने बजावलं होतं. "एक वेढा काठीला, एक फांदीला, मध्ये फुली. वाऱ्यात जरा हलू द्या तिला."

"हलतं तेच तुटतं," म्हणत याने तांब्याची तार घातली, तीही पकडीने पिळून. मावशीचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फांदी जाड होत गेली, तार सालीत रुतत गेली, आणि पानांच्या गर्दीत ते कुणाला दिसलं नाही. मग एका दुपारी वारा सुटला आणि फांदी नेमकी तारेपाशी मोडली. बोटभर सालीवर लोंबत राहिली.

"पण माझी गाठ सुटली नाही बघ," वायरमन म्हणाला.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

साल अजून ओली होती, म्हणून आशा होती. तिने तार तोडून काढली, निम्मा शेंडा छाटून भार कमी केला, मोडलेली टोकं एकमेकांत बसवली. दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली. छाटलेल्या काड्या कुंडीत खोचल्या.

"आता याला हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा घालायची नाही. कळलं?"

"कळलं की!"

कळलं कसलं, कप्पाळ! आठवडाही झाला नसेल. मावशी भाजी घेऊन परतली, तर हा पट्टी सोडून भिंग लावून उभा.

"अहो, काय चाललंय?"

"जोड तपासतोय. तू बाहेर गेलीस की रोज बघतो. थोडंसंच हलवून."

धरू पाहणारी साल याने रोजच्या रोज सोडवली होती. फांदी काळी पडली होती. मावशीने कुंडीकडे धाव घेतली, तर तिथल्या काड्याही उपटून, मुळं फुटली का ते पाहून, पुन्हा खोचलेल्या. एकजात सगळ्या वाळलेल्या.

"हातांना काय खाज आहे हो तुमच्या?" तिचा आवाज फाटला. "आईचं एवढंच होतं माझ्याकडे. तेही तपासून तपासून मारलंत!"

वायरमनने भिंग खिशात ठेवलं. मग म्हणाला, "तू सकाळी त्याच्यापाशी जाऊन येतेस आणि एवढंसं तोंड करून चहा टाकतेस. म्हटलं, जोड धरला तर तुझ्याआधी बघावं आणि सांगावं."

आता धड रागावताही येईना, याचाच तिला जास्त राग आला. तिने कात्री उकळत्या पाण्यात बुडवून घेतली. आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत फांदी खाली खाली कापत नेली आणि बाहेर वळलेल्या, कोंब फुटू शकेल अशा एका डोळ्याच्या वर तिरका काप देऊन थांबली. कापावर मेणबत्तीचं मेण टाकलं. वीतभर खुंट उरला.

"फुटलं तर फुटलं," ती म्हणाली. "नाहीतर संपलं."

त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं राहिलं. मावशी रोज संध्याकाळी खुंटाला पाणी घाले आणि त्याच्याकडे न बघता परत येई. बघवतच नव्हतं.

एके दिवशी सकाळी सकाळी वायरमन म्हणाला, "अगं, मागे कपडे वाळलेत का बघून ये."

"आत्ता तर घातलेत."

"उडाले असतील."

"वारा कुठाय?"

"तरी जा ना!"

पुटपुटत ती मागे गेली. कपडे जागच्या जागी होते. मग नको नको म्हणताना तिची नजर खुंटाकडे गेली, आणि तिथे त्या डोळ्यातून तांदळाएवढा लालसर कोंब बाहेर आला होता. "आई गं," म्हणत ती खालीच बसली.

बसल्यावर तिला ओल्या मातीत चपलांचे ठसे दिसले. जुन्यांवर नवे, कितीतरी सकाळींचे. दारापासून निघालेले आणि खुंटापासून हातभर अंतरावर थांबलेले. तिथे दोन गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या. त्याच्या पुढे माती जशीच्या तशी होती.

ती आत आली. वायरमन दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, छताकडे बघत बसला होता.

"वाळले का कपडे?" त्याने विचारलं.

"चला," मावशी म्हणाली आणि त्याचा एक हात काखेतून ओढून काढला. "एक गंमत दाखवते तुम्हाला."