पुस्तकाची फाटकी कड

डॉक्टर हॅल्सी प्रूइट आम्हाला नीतिशास्त्र शिकवायचे, आणि ते शिकवायला जगात त्यांना एकच पुस्तक योग्य वाटायचं. ते त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं. कॉलेजात पुस्तकं निवडायची एक समिती होती. तिच्यात प्रूइट सर, इतिहासाचे सर आणि अर्थशास्त्राचे सर. इतिहासाचे सर प्रूइटांच्या पुस्तकासाठी हात वर करत, प्रूइट इतिहासाच्या पुस्तकासाठी, आणि अर्थशास्त्राचे सर दोघांसाठीही, कारण पुढची पाळी त्यांच्या पुस्तकाची असे. पंगत तिघांची, वाढपीही तेच, आणि बिल आमच्या नावावर.

पुस्तकाचं नाव होतं ‘सुजाण जगण्याची वाट’. आवृत्ती सातवी, किंमत दोनशे अडतीस डॉलर. केंटकीच्या आमच्या डोंगरात तेवढ्यात घराचा दोन आठवड्यांचा किराणा येतो, वर कुत्र्याचंही भागतं. सहावी आवृत्ती जुन्या बाजारात चार डॉलरला पडून होती, पण ती चालणार नव्हती. सहाव्या आवृत्तीत बुडणारं पोर तळ्यात पडलं होतं, ते सातव्यात नदीत पडलं होतं. पोर तेच, काठावरचा माणूसही तोच, पाणी तेवढं बदललं होतं.

आणि एक गोष्ट नवी होती. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक ‘चिंतनपान’. टपालाच्या तिकिटांना असते तशी बारीक भोकांची ओळ, तिच्यावरून पान फाडायचं, त्यावर उत्तर लिहायचं आणि दर शनिवारी सरांच्या हातात द्यायचं. झेरॉक्स चालणार नाही, वहीचा कागद चालणार नाही. डाव्या बाजूला फाटलेली कड दिसली पाहिजे. पहिला महिना पान उशिरा दिलं तरी चालेल, एवढीच सवलत.

“पान फाडताना विद्यार्थ्याचं पुस्तकाशी नातं जुळतं,” सर पहिल्या दिवशी म्हणाले.

माझ्या शेजारी रेटा स्टबलफील्ड बसली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, “माझ्या पहिल्या नवऱ्यानंही जाताना असंच फाडून नातं जुळवलं होतं.”

रेटा त्रेचाळीस वर्षांची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं काम करता करता तिची पाठ गेली होती, पण हात मऊच राहिले होते. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या तुकडीत तिची जागा धरून ठेवली होती, फक्त नीतिशास्त्रात ‘सी’ मिळवून आण, म्हणून सांगितलं होतं. नीतिशास्त्राखेरीज इंजेक्शन देता येत नाही असा नियम आहे. मला तो पटतो. फक्त तो नियम प्रूइट सरांच्या दुकानावरूनच का जातो, ते कळत नाही.

रेटा आज्ञाधारक. तिनं पहिल्याच दिवशी पुस्तक घेतलं, वरचं प्लास्टिक काढलं आणि त्याच दुपारी पहिलं पान फाडलं. वर्गातल्या बाकीच्या एकवीसजणांनीही पुस्तक घेतलं होतं, पण आम्ही प्लास्टिक काढलं नव्हतं. आमच्याकडे नवी वस्तू दोन दिवस टेबलावर ठेवून तिच्याकडे नुसतं बघायची रीत आहे. परवडते का ते तिला बघूनच कळतं.

त्या रविवारी चर्चनंतर रेटा माझ्याबरोबर ओपल मावशीकडे जेवायला आली. ओपल माझ्या आईची बहीण, गोधड्या शिवणारी. तिच्या ओसरीवर शिवणयंत्र, आत चुलीवर घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव. रेटानं बरोबर आणलेलं पुस्तक बघून तिनं हात पुसले आणि मधलं एक पान उलटून भोकांच्या ओळीवरून नख फिरवलं.

“एवढंच? पोरींनो, हे तर मी रोज करते. गोधडीचे तुकडे बेतताना कागदावरून बिनदोऱ्याची सुई फिरवते, कागद फाटतो ना सरळ.”

“मावशी, सर अंगठ्यानं कड तपासतात,” मी म्हटलं.

“घोडा घेताना दात तपासतात ना, तसं? मग दात चांगलेच देऊ त्यांना.”

तिनं सुईतला दोरा काढला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, तिथल्या ऑफिसात झेरॉक्सचं यंत्र आहे. सोमवारी मी रेटाच्या दुसऱ्या चिंतनपानाची प्रत काढून आणली. रुंदीला थोडी जास्त, कारण फाडायला काठ हवा. मावशीनं ती शिवणयंत्राच्या सुईखाली सरकवली. टिकटिक टिकटिक. तिनं काठ धरून ओढला तेव्हा पान असं सुटलं की जणू झाडावरचं पिकलं पानच. ती प्रार्थनेच्या चालीवर स्वतःचे शब्द घालून गुणगुणायची, तशी तेव्हाही गुणगुणली:

दोऱ्यावीण सुई, कशी धावते सरळ,
विद्येच्या गं मुळी, कुणी पेरलं गरळ.

दुसऱ्या शनिवारी मी ते पान दिलं. सरांनी अंगठा फिरवला आणि मान डोलावली. पुढच्या शनिवारी आमच्या बाकावरच्या चौघींनी दिलं. त्यानंतर बातमी वाऱ्यासारखी नाही, पण उसळीच्या वासासारखी पसरली, हळूहळू आणि घराघरात. कॉलेजच्या दुकानात पुस्तक न उघडता परत दिलं तर पैसे परत मिळायचे. एकेक करून एकवीस पुस्तकं परत गेली. खाणकामगाराचा लेक वेंडेल परत द्यायला गेला तेव्हा काउंटरवरच्या बाईनं त्याला विचारलं, “पुस्तक आवडलं नाही का?”

“फार आवडलं,” वेंडेल म्हणाला. “म्हणून तर हात लावला नाही.”

रेटाचं परत जाणार नव्हतं. फाटलेलं पुस्तक दुकान घेत नाही. तेव्हा एका वर्गात एक पुस्तक उरलं, गावात एक विहीर असावी तसं. दर सोमवारी रेटा त्याचं पुढचं पान फाडायची, आम्ही त्याच्या प्रती काढायचो, मावशी त्यांना कड द्यायची आणि मूळ पान रेटाकडे राहायचं. आम्ही वर्गणी काढून तिचे निम्मे पैसे देऊ केले. ती नको म्हणाली. “मी विकत घेतलंय तर मला खरं पान देऊ द्या,” म्हणाली. “एकीनं तरी नीतिशास्त्र नीतीनं करावं.”

सर खूश होते. एका शनिवारी फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, “यंदा प्रकाशकांनी भोकं फार सुबक पाडलीत. मीच त्यांना पत्र लिहून तक्रार केली होती.”

मागून कुणीतरी खोकलं. बहुतेक वेंडेल.

नवव्या धड्याला घात झाला. धडा होता ‘खरं बोलणं’. सर पानं गोळा करत एकेकाची कड चाचपत चालले होते आणि रेटापाशी थांबले. तिच्या पानाची कड वेडीवाकडी होती. छापखान्याची भोकं कुठे खोल, कुठे नावालाच, त्यामुळे पान फाडताना मधेच तिरकं जाऊन दोन शब्दांचा घास घेऊन बाहेर आलं होतं. खरं पान तसंच फाटायचं. आधी ते ढिगात कधी पहिलं, कधी शेवटचं येऊन निसटलं होतं. त्या दिवशी ते बरोब्बर मधे आलं, दोन्ही बाजूंना मावशीची कारागिरी.

“मिसेस स्टबलफील्ड,” सर म्हणाले, “हे काय आहे?”

“माझं पान, सर.”

“हे पुस्तकातलं पान नाही. आतापर्यंतची सगळी पानं एकसारखी आहेत आणि हे एकच वेगळं. कात्रीनं किंवा पट्टीनं ओढून फाडलेलं दिसतंय. तुम्ही नक्कल केलीत.”

सरांनी ते पान ढिगातून काढून आपल्या बॅगेत टाकलं.

“सोमवारी सकाळी माझ्या खोलीवर या,” सर म्हणाले. “नक्कल सिद्ध झाली तर शून्य मिळेल आणि प्रकरण शिस्तीच्या समितीकडे जाईल.”

शिस्तीच्या समितीत एकदा नाव गेलं की नर्सिंगची जागा जाते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाहेर गाडीपाशी आम्ही रेटाभोवती गोळा झालो.

“मी जाऊन सांगतो,” वेंडेल म्हणाला. “सगळं सांगतो.”

“काय सांगशील? एकवीसजण खोटे आणि एक खरी? मग एकवीसजणांना शून्य,” रेटा म्हणाली. “तुझी फौजेची परीक्षा आहे, या नेव्हाला,” तिनं माझ्याकडे बोट केलं, “शाळेत बढती हवीय. काही सांगायचं नाही. माझ्याकडे पुस्तक आहे. पान जिथून फाटलं तिथे ठेवून दाखवते.”

“मी येणार बरोबर,” मी म्हटलं.

“ये. पण तोंड घरी ठेवून ये.”

सोमवारी आम्ही गेलो. सरांच्या खोलीत खिडकीखाली पुस्तकांची चळत होती, सगळी नवी, प्लास्टिकमधली. प्रकाशक प्राध्यापकांना फुकट पाठवतात तशी. दर सत्रात एक माणूस ढकलगाडी घेऊन कॉलेजच्या मजल्यांवरून फिरतो आणि ती रोख पैशांत घेऊन जातो, हे आम्हाला माहीत होतं. तो जेवायला आमच्या शाळेसमोरच्या हॉटेलातच येतो. चळतीत सगळ्यांत वर ‘सुजाण जगण्याची वाट’च्या चार प्रती होत्या.

रेटानं स्वतःचं पुस्तक उघडलं आणि सरांच्या टेबलावरचं ते पान त्याच्या जागी लावलं. कड कडेला बसली, दोन अर्धे शब्द पुरे झाले. सरांनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

“मग हे पुस्तकच नकली असलं पाहिजे,” ते म्हणाले.

“कॉलेजच्या दुकानातून घेतलंय, सर. पावती आहे.”

“मिसेस स्टबलफील्ड, एकवीस विद्यार्थ्यांची पुस्तकं एकसारखी फाटतात. एकवीसजणांची फसवणूक होऊ शकत नाही.”

मला राहवलं नाही. “सर, ती कड जी आहे ना...” मी म्हटलं, आणि रेटाची टाच माझ्या पायावर आली. रेटाचं वजन कमी नाही.

“सर,” रेटा म्हणाली, “तुमच्याकडे तुमचं पुस्तक आहे. चार आहेत. त्यातलं एक पान फाडून बघा. सरळ फाटलं तर मी खोटी. समितीकडे मीच चालत जाईन.”

सरांनी वरची प्रत उचलली. प्लास्टिकच्या टोकाला नख लावलं. प्लास्टिक किंचित ताणलं गेलं. नख तसंच राहिलं. त्यांनी प्रत पालथी केली, पाठीमागची किंमत वाचली, परत सुलटी केली.

“ही उघडली तर...” ते म्हणाले आणि थांबले.

“तर काय, सर?”

“उघडलेली तो घेत नाही.”

बोलून गेले आणि मग स्वतःच ऐकलं. रेटा हसली नाही. ती म्हाताऱ्यांशी बोलते तशा आवाजात म्हणाली, “हो, सर. आमचीही कुणी घेत नाही.”

सरांनी प्रत चळतीवर ठेवली, अगदी हळू, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग रेटाचं पान हातात घेतलं. शेवटी करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्यांनी ते वाचलं. सत्र सुरू झाल्यापासून कडेच्या उजवीकडे त्यांची नजर पहिल्यांदा गेली असावी.

रेटानं काय लिहिलंय ते मला माहीत होतं. वृद्धाश्रमात एक म्हातारा रोज संध्याकाळी विचारतो, माझी बायको कधी येणार. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा रेटानं खरं सांगितलं, तेव्हा तो नव्यानं विधुर झाला आणि रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं. तेव्हापासून ती सांगते, ती घेवडा निवडतेय, चुलीवर टाकला की येईलच. मग तो म्हणतो, मीठ बेतानं घाल म्हणावं. आणि जेवतो.

सरांनी वाचून झाल्यावर विचारलं, “हे खरंच घडलंय?”

“आजही घडेल, सर. सहा वाजता.”

सरांनी खण उघडला. लाल पेन घेतलं. मजकुराखाली त्यांनी काय लिहिलं ते मला उलटं दिसत होतं, पंचाऐंशी. मग त्यांनी डाव्या बाजूला कडेपाशी दुसरा आकडा लिहिला, वजा दहा.

“प्रकरण पुढे पाठवत नाही,” ते म्हणाले. “मात्र स्वरूपाचे गुण कापावे लागतील. नाहीतर बाकीच्यांवर अन्याय होईल. त्यांनी किती नीट फाडलंय.”

पंच्याहत्तर म्हणजे ‘सी’. तेवढं नर्सिंगला पुरतं.

रेटानं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं, आभार मानले आणि आम्ही जिना उतरलो. माझा पाय ठणकत होता. अंगणात आल्यावर गाडीची किल्ली शोधता शोधता म्हणाली, “नेव्हा, दहाव्या धड्याच्या किती प्रती काढतेस तू?”

“एकवीस. का गं?”

“बावीस काढ. या शनिवारी मला मावशीच्या हातचंच पान हवंय.”