तिसऱ्या ओळीतली गुणगुण

माझ्या भावाने शेवटच्या एकतीस वर्षांत दोनशेच्या वर गाणी लिहिली आणि त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं. वाचली मात्र सगळी होती, तीही लाल पेन्सिल हातात घेऊन.

मी छापखान्यात प्रुफं तपासते. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळे कौतुक करायची सवय राहिली नाही. घरचेही मला जरा घाबरूनच असत. न घाबरणारा एकच, माझा धाकटा भाऊ. अंगाने काटकुळा म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणायचे, आणि साठी उलटली तरी तो बारक्याच राहिला.

वडील गेले त्या दिवशी बारक्या दुसऱ्या गावात कुठल्याशा स्टुडिओत होता. सकाळीच निरोप पोचला होता. ‘एवढं गाणं संपवून निघतो’ म्हणाला आणि सगळं आटोपल्यावर उगवला. वडील दुपारपर्यंत खिडकीतून वाटेकडे बघत होते. मी त्याला उंबऱ्यातच सुनावलं, की तुझं एकही गाणं यापुढे माझ्या कानावर पडता कामा नये. त्याने मान खाली घातली आणि तो निघून गेला.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. आत एका गाण्याचा कागद आणि वर दोनच वाक्यं: ‘ऐकू नकोस. वाच.’

मी वाचलं, खोट्या वाटल्या त्या ओळी कापल्या, समासात दोन-चार टोमणे लिहिले आणि कागद परत पाठवला. पुढची एकतीस वर्षं आमचं बोलणं म्हणजे एवढंच. त्याचा कागद यायचा, माझी लाल पेन्सिल जायची. दुकानात त्याचं गाणं लागलं तर मी पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडायचे. मी हट्टी आहे. हे काही अभिमानाने सांगत नाही.

मग या वर्षी रेकॉर्ड कंपनीतली एक मुलगी घरी आली. मुलगी म्हणते, पण चाळिशीची असेल. बारक्याच्या चाळीस वर्षांतल्या निवडक गाण्यांचा अल्बम निघणार होता, सोल आणि रिदम अँड ब्लूज म्हणतात त्या अमेरिकी घराण्याची गाणी. दोन तबकड्या. पहिलीवर नावाजलेल्या गायकांनी गायलेली, दुसरीवर त्याने घरी पियानोवर बसून स्वतःच्या आवाजात केलेली कच्ची ध्वनिमुद्रणं. सोबतच्या पुस्तिकेत रसग्रहणाचं एक पान हवं होतं.

“त्यांनी तुमचंच नाव सांगितलं,” ती म्हणाली. “म्हणाले, ताईने लिहिलं तर छापा, नाही तर कोणाचंच नको.”

“मी ऐकलेलीच नाहीत त्याची गाणी.”

“तेही सांगितलं त्यांनी.” तिने नमुन्याच्या तबकड्या आणि वाजवायचं यंत्र टेबलावर ठेवलं. जरा घुटमळली. “ताई, फुप्फुसांचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, फार तर तीन. त्यांना ते पान वाचायचंय.”

तो आजारी आहे हे मला या परक्या बाईकडून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि भर दुपारी खिडकी लावून पहिली तबकडी सुरू केली. पहिल्या गाण्यातच माझी फजिती झाली. त्याच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘ही ओळ लंगडते.’ आता ऐकलं, तर ओळ जिथे आखूड पडत होती तिथे खालून बास गिटार दोन पावलं टाकत येत होती आणि गाणाऱ्या बाईला हात देऊन पुढे नेत होती. ती बाई ठेक्याच्या किंचित मागे राहून गायची, निघायला जिवावर आल्यासारखी. मागच्या तिघीजणी तिला उत्तर द्यायच्या, समजूत घातल्यासारख्या. कागदावर यातलं काही नव्हतं. मी इतकी वर्षं हाडं तपासत होते आणि माणूस कसा चालतो ते पाहिलंच नव्हतं.

दुसरी तबकडी लावायला मला चहाचे दोन कप लागले. त्याचा आवाज तीस वर्षांनी ऐकायचा होता. आवाज काही गोड नाही, जरा घोगरा, वरच्या सुरात फाटणारा. वडील आंघोळ करताना गायचे तो आवाज. मी पदर तोंडावर धरून बसले.

तिसरं गाणं खिडकीत वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं. हा कागद मला पाठ होता, कारण त्यातली तिसरी ओळ मी चिडून कापली होती. ‘काळीज माझे तुटते आता,’ अशी होती ती. समासात मी लिहिलं होतं, ‘काळीज प्रत्येक गाण्यात तुटतं. दुसरं काही सुचत नसेल तर गप्प बस.’

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या जागी तो शब्दांवाचून गुणगुणला. चार सूर, तोंड मिटून. मग चौथी ओळ.

मी सुई उचलून पुन्हा ठेवली. मग पुढची गाणी ऐकली. जिथे जिथे मी ओळ कापली होती आणि दुसरी सुचवली नव्हती, तिथे तिथे तो असाच गुणगुणला होता.

कंपनीतल्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “मैफलींतही ते असेच गायचे. त्या गुणगुणण्यासाठीच तर ओळखतात त्यांना. लोक तिथेच डोळे पुसतात. एका मुलाखतीत विचारलं होतं कोणीतरी. म्हणाले, तिथे शब्द होते, घरच्या माणसाने कापले, बरं झालं.”

पान लिहायला मला चार दिवस लागले. नाक मुरडायची सवय असलेल्या बाईने कौतुक करायचं म्हणजे वाक्य पुढे सरकेना. बासच्या त्या दोन पावलांबद्दल लिहिलं, मागच्या तिघींबद्दल लिहिलं, फाटणाऱ्या आवाजाबद्दल आणि खिडकीतला तो म्हातारा कोण हे मला आत्ता कळलं त्याबद्दल लिहिलं. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘बहीण म्हणून मी कमी पडले, त्याने मला माफ करावं.’ आणि शेवटची: ‘ही गाणी ऐका.’

इस्पितळात तो उशांना टेकून बसला होता. बारक्या हे नाव आता इतकं खरं झालं होतं की बघवत नव्हतं. नाकात नळी, मनगटं काडीसारखी. मला बघून हसला.

“आणलंस?” एवढंच बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मी कागद दिला. त्याने सावकाश वाचला, बोट ओळीवरून फिरवत. मधे एकदा थांबून खिडकीकडे बघत राहिला. मग माझ्यापुढे हात पसरला. मला कळेना. त्याने बोटांनी लिहिल्याची खूण केली.

लाल पेन्सिल माझ्या पर्समध्ये असतेच. त्याने ती कशीबशी धरली आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर एक वाकडीतिकडी रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“अरे, ते खरं आहे,” मी म्हणाले. “तेवढं तरी राहू दे.”

त्याने मान हलवली. “दुसरं काही…” म्हणाला आणि धाप लागून थांबला. डोळ्यांत मात्र लहानपणीचा वात्रटपणा होता.

“सुचत नसेल तर गप्प बस,” मी पुरं केलं. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि शेवटी रडूच आलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि तोंड मिटून गुणगुणला. तीन सूर झाले. चौथ्याला श्वास पुरला नाही. नर्स धावत आली आणि मला बाहेर बसवलं.

चौथ्या दिवशी तो गेला. या वेळी मी तिथे होते.

पुस्तिका आमच्याच छापखान्यात छापायला आली. अक्षरजुळणी करणारे काका प्रूफ घेऊन माझ्या टेबलाशी आले. “बाई, खालून दुसरी ओळ राहिलीय. मधेच जागा मोकळी दिसते.”

“राहिलेली नाही. तेवढी जागा तशीच सोडा.”

“लोक चूक म्हणतील.”

“म्हणू देत,” मी म्हणाले आणि सही केली.

अल्बम निघाला. पुस्तिकेत एक ओळ गळली आहे, अशी पत्रं कंपनीकडे अजून येतात म्हणे. मी ते पान कधी कधी दुपारी काढून वाचते. मोकळ्या जागेशी आले की तोंड मिटून त्याचे तीन सूर गुणगुणते. चौथा मला नीट लागत नाही, पण घेते.