पुसून काढलेलं वादळ

“काका, वादळ आलं की तुम्हाला मनातून गुदगुल्या होतात ना?”

विचारून झालं आणि भोंग्याला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. फाटकाबाहेर तिच्या मैत्रिणी, लंबू आणि चष्मिस, एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत खिदळत होत्या. पैज त्यांचीच. “सगळ्यांची छपरं उडाली आणि एकट्या काँट्रॅक्टरची चांदी झाली! हिंमत असेल तर विचार तोंडावर!” आता भोंग्याला हिंमत आहे का असं विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का असं विचारणं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला सगळे ‘मुकी’ म्हणायचे. मग बाईंनी बळेबळे वादविवादाला उभं केलं, तिनं तोंड उघडलं, आणि ते उघडलं ते उघडलंच. तेव्हापासून घरीदारी तिचं नाव भोंगा. ते नाव ती पदकासारखं मिरवायची.

काँट्रॅक्टरकाका भोंग्याच्या घराच्या छपराला लावलेल्या शिडीवर अर्ध्यातच थांबले. त्यांनी वरून खाली पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हे जास्तच वाईट.

“गुदगुल्या?” ते म्हणाले. “पोरी, माझ्या स्वतःच्या घरावर पत्रा नाही. ताडपत्रीखाली झोपतोय आम्ही. विमासुद्धा नाही. लोकांची घरं बांधणाऱ्याला वाटतं ना, आपलं कोण पाडणार!”

फाटकाबाहेरचं खिदळणं बंद पडलं. लंबूला एकदम घरचा अभ्यास आठवला, चष्मिसला लंबूची सोबत आठवली, आणि दोघी पसार झाल्या. पैज जिंकलेली भोंगा लाल कानांनी तिथंच उभी राहिली.

वादळ गेल्या आठवड्यात येऊन गेलं होतं. मागच्या खोलीवरचे पत्रे गल्लीभर उडाले, खालचं सिलिंग अर्धं कोसळलं, आणि पाणी गाद्या, कपाट, भोंग्याची पुस्तकं अशी सगळ्यांची विचारपूस करत पुढच्या खोलीपर्यंत आलं. विमा कंपनीचा सर्वेअर उद्या सकाळी येणार होता. त्यानं नुकसान पाहिलं, भरपाईचा क्लेम पास झाला, की काका नवे पत्रे घालणार. नाही झाला तर? दुसरं वादळ येतंय असं रेडिओ रोज ओरडून सांगत होता. त्यात छपरापाठोपाठ भिंतीही जाणार, आणि बिऱ्हाड उचलून जायचं ते थेट लांबच्या मामाकडे. मामी तशी गोड. पण “या ना, कितीही दिवस राहा,” असं फोनवर म्हणताना ‘कितीही’वर तिचा आवाज जरा चिरकलाच होता.

काका छपरावर गेले आणि लगेच खाली आले. “पत्रे परत वर कसे?”

“गोळा केले, ठोकून सरळ केले, तारेनं बांधले,” बाबा म्हणाले. शाबासकीची वाट बघत असावेत.

काका तडक मागच्या खोलीत शिरले. खोली नव्या रंगाच्या वासानं घमघमत होती. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशीत तोंड दिसावं अशी चकाकी.

“सिलिंग कुठंय?”

“उतरवलं सगळं. अर्धवट लोंबत होतं, बरं नाही दिसत.”

“भिंतीवरचे ओघळ?”

“रंगाचे दोन हात मारले.”

“गाद्या?”

“कचऱ्याच्या गाडीत,” आई म्हणाली. “साहेब घरी येणार. त्यांच्यापुढं काय कुबट गाद्या मांडून ठेवू?”

“फोटो तरी काढलेत ना? फोनवर घसा फोडून सांगितलं होतं मी!”

“काढले की!” बाबांनी मोबाईल पुढं केला. पुसलेली फरशी. ताणून घातलेली चादर. एका फोटोत तर चक्क फुलदाणी.

“पसाऱ्याचे फोटो कोण काढतं, भाऊजी?” आई म्हणाली. “आधी आवरलं, मग काढले.”

काका भिंतीला टेकून मटकन खाली बसले. रंग ओला होता. त्यांच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला, पण ते सांगायची कोणाची छाती झाली नाही.

“वहिनी, तुम्ही वादळच पुसून टाकलंत हो. सर्वेअर डोळ्यांनी लिहितो, कानांनी नाही. उद्या तो येणार, टकाटक घर बघणार, नुकसान नाही असं लिहिणार आणि गाडीला किक मारणार.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! भोंग्यानं आईकडं पाहिलं. आईचा चेहरा त्या भिंतीहून पांढरा पडला होता. खरं तर सिलिंगचे तुकडे घमेल्यानं बाहेर नेले होते ते भोंग्यानंच, आणि नेताना गाणं म्हणत होती.

“मग आता?” बाबांचा आवाज त्यांचा वाटेना.

काकांनी पिशवीतून हातोडा काढला. “मला असली कामं आवडत नाहीत. पण तुमचं काम सुरू झालं नाही तर माझी माणसं दुसरीकडं जाणार, आणि परत कधी मिळतील देव जाणे. संध्याकाळपर्यंत वादळ परत आणू. खोटं काय त्यात? आलं होतंच की ते. होतं तसं करून ठेवायचं, बस. आणि सर्वेअरशी बोलायचं हिनं. पोरीच्या तोंडून आलं की माणूस शंका घेत नाही.”

भोंग्याची मान ताठ झाली. एवढ्या मोठ्या कामावर तिची नेमणूक! लंबूला कळलं तर जळून खाक होईल.

बाबांनी हातोडा उचलला. दाराची कडीसुद्धा आवाज न करता लावणारा माणूस. पहिला घाव भिंतीवर नुसता टेकला. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. प्लास्टरची खपली निघाली.

“कोरडं दिसतंय,” काका म्हणाले. “वादळाचं असं नसतं. पाणी मारा. मातीचं.”

आईनं बादली आणली. कुंडीतली माती स्वतःच्या हातानं त्यात कालवली. दोनदा पाय पुसल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू न देणारी ही बाई. तिनं डोळे घट्ट मिटून बादली भिंतीवर रिकामी केली. गढूळ ओघळ सरसरत फरशीवर आले. आणि आई खाली वाकून, फडका घेऊन, ते पुसायला लागली.

“अगं, पुसू नकोस!” बाबा ओरडले.

आई थबकली. हातातल्या फडक्याकडं बघत राहिली. मग चिखलातच बसली. “हातांना कळेना काय करायचं ते,” ती म्हणाली आणि फडका छातीशी धरून हुंदके द्यायला लागली.

आईला रडताना पाहणं म्हणजे छप्पर पुन्हा उडण्यासारखंच.

“वहिनी, वेळ नाही,” काका हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळेही कुठं ठरत नव्हते. “ये पोरी, तालीम करू. मी सर्वेअर. काय बाळ, वादळ झाल्यापासून घरात कशाला हात लावला का?”

भोंग्यानं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही.

“कशालाच नाही, एवढंच म्हणायचं,” बाबा म्हणाले.

घशात जुनी मुकी ठाण मांडून बसली होती.

“बोल ना गं! एरवी बंद होत नाहीस!” बाबांचा आवाज चढला, आणि चढला तसाच कोसळला. त्यांनी खरोखर हात जोडले. “बाई गं, तुझ्या दोन शब्दांवर आपलं छप्पर आहे.”

जोडलेल्या हातांना ओला रंग आणि प्लास्टरची भुकटी लागली होती. भोंग्याला ते हात खाली करायचे होते, कसंही करून. ‘हो’ म्हटलं असतं तर झालेही असते. पण वादविवादात ती जिंकली होती ती मुद्दा खरा वाटला तेव्हाच. पटत नसलेल्या बाजूनं बोलताना दरवेळी तिची अशीच वाचा बसायची. उद्या त्या साहेबासमोर वाचा बसली तर? मग ना खरं, ना खोटं. नुसती मुकी, आणि मागं हातोड्याचा ताजा खड्डा.

तिनं बाबांचे हात धरून खाली केले. आवाज फुटला तो आधी बेडकासारखा, मग भोंग्यासारखा.

“उद्या मी बोलणार आहे. सगळं मीच बोलणार. पण झालं तेच. आईनं पुसलं, तुम्ही रंगवलं, तुकडे मी फेकले. फुलदाणीचा फोटो दाखवणार, हा खड्डासुद्धा दाखवणार, कोणी पाडला तेही सांगणार. ज्यांच्या अंगणात आपले पत्रे पडले त्या आजींना साक्षीला आणणार. काका तारा सोडून पत्र्यांची फाटकी भोकं दाखवतील. दाखवाल ना, काका? तो कानांनी लिहीत नसेल, तर उद्यापासून लिहील. आणि नाहीच लिहिलं, तर मामीला फोन मी करीन.”

“आणि छप्पर?” बाबांनी विचारलं. अगदी लहान मुलानं विचारावं तसं.

“माहीत नाही, बाबा.” भोंगा चालूच होता. “माझं ठरलंय. आता कोणीही कशालाही हात लावायचा नाही. आई, तो फडका खाली ठेव.”